टॅब कुणाच्या हातात द्यायचा?

पत्र:

नमस्कार. मी हिंगणा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवते. जूनच्या शेवटी शाळा उघडली आणि पंधरा दिवसांतच एमआयडीसीतल्या एका कंपनीने शाळेला १६ टॅब दिले. दोन्ही वर्ग मिळून पटावर ३८ मुलं आहेत. मुख्याध्यापक सर म्हणतात, आधी चाचणी घ्या, ज्याला येतं त्याच्याच हातात टॅब द्या, नाहीतर दिवाळीपर्यंत एकही धड राहणार नाही. म्हणून मी २० गुणांचा पेपर काढला. टॅबचे भाग ओळखा, इंटरनेट म्हणजे काय, पासवर्ड का ठेवतात, असे प्रश्न होते. निकाल बघून मीच चक्रावले. वर्गातली हुशार मुलं पास झाली आणि घरी तासन् तास मोबाइल घेऊन बसणारी नापास. ज्या मुलीला १७ गुण पडले, तिच्या हातात टॅब दिला तर तो सुरू कुठून करायचा हेच तिला सापडेना. आता नेमकं काय तपासू आणि कसं? आणि ज्यांना काहीच येत नाही, त्यांना खरंच टॅब द्यायचा नाही का?
— एक शिक्षिका, हिंगणा

उत्तर:

ताई,

तुमच्या पेपरने मुलांचं वाचन, पाठांतर आणि लेखन तपासलं, आणि चोख तपासलं. म्हणून तर नेहमीचीच मुलं वर आली. टॅब त्यात कुठे आलाच नाही. १६ टॅब कपाटात असताना टॅब चालवता येतो का हे कागदावर विचारायचं, म्हणजे हातच्या कांकणाला आरसा. टॅब बाहेर काढा, मुलाच्या हातात द्या, एक काम सांगा आणि त्याची बोटं बघा. तपासणी म्हणतात ती हीच. पुढचं सगळं ती बोटं कशी बघायची आणि बघून झाल्यावर काय करायचं याबद्दल.

आधी सरांचा नियम. 'ज्याला येतं त्यालाच टॅब' ऐकायला बरं वाटतं, पण त्याने होतं काय? ज्याच्या घरी फोन आहे आणि तो त्याला मिळतो, त्याला शाळेतही टॅब मिळेल. ज्याच्या घरी एकच फोन, तोही बाबांच्या खिशातून ड्युटीवर जाणारा, त्याला शाळेतही काही नाही. मुलींना याची झळ जास्त बसते. 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२.२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो असं दिसलं. पण वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के आणि मुली २६.९ टक्के. तुमची मुलं यापेक्षा लहान आहेत, तेव्हा हे आकडे तुमच्या वर्गाला जसेच्या तसे लावू नका. मात्र सरांच्या नियमाने टॅब मिळणाऱ्यांची यादी केलीत तर त्यात मुली किती येतात, ते एकदा मोजा आणि तो कागद सरांपुढे ठेवा.

सरांची भीती खोटी नाही. डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीवर, सही त्यांची असते, उद्या टॅब फुटला तर विचारणा त्यांनाच होणार. पण टॅब फुटतो तो हातातून हातात देताना, बाकावरून घसरून, नाहीतर जुन्या प्रकारच्या चार्जरची पिन उलटी दाबून. पेपरात १७ गुण पडल्याने त्यातलं काहीही टळत नाही. पहिला तास सगळ्या ३८ जणांना फक्त टॅब हाताळण्यावर द्या. सतरंजीवर मांडी घालून बसवा, म्हणजे पडायला उंचीच उरत नाही. टॅबवर मार्करने नंबर टाका आणि कुठला नंबर कुणाकडे जाईल ते वर्षभरासाठी ठरवून टाका. 'माझा ७ नंबर' झाला की पोट्टे आपोआप जपायला लागतात, वर दुसऱ्याने तो घेतला तर तक्रार घेऊन येतात. ती तक्रार आली तर खुश व्हा.

तरीही सर 'चाचणी' या शब्दावर अडून बसले तर त्यांना आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर चालणाऱ्या तपासणीची, आठवण करून द्या. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यात निरीक्षण आणि प्रात्यक्षिक ही साधनं पहिल्यापासून आहेत. तुम्ही जे करणार आहात ते त्यातच बसतं. केंद्रप्रमुखांनी विचारलं तरी दाखवायला कागद असेल.

आता काय तपासायचं. याची तयार यादी कुणाकडून मागू नका, माझ्याकडूनही नको. ऑगस्टमध्ये तुम्ही टॅबवर कोणते पाठ घेणार आहात ते आधी लिहा. समजा, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचा व्हिडिओ बघायचा आहे, विज्ञानासाठी पानांचे फोटो काढायचे आहेत, मराठीत चार ओळी टाइप करायच्या आहेत, आणि सातवीकडून थोडी माहिती शोधून घ्यायची आहे. मग तपासायचं तेवढंच. सहावीच्या मुलाला सीपीयूचं पूर्ण रूप विचारायची आपली जुनी खोड आहे, ती आता सोडू या. त्या पोराला सीपीयू आयुष्यात कधी उघडायचा नाही.

बसवायचं कसं? एका वेळी चार मुलं, चार टॅब, पाठीला पाठ लावून. समोरासमोर बसवलीत तर एकाचं बघून तिघं करतील आणि तुम्हाला वाटेल चौघांनाही आलं. एका फेरीला १५ मिनिटं धरा. ३८ मुलांच्या १० फेऱ्या, म्हणजे एकूण अडीच तास. आठवडाभर रोज दोन फेऱ्या घेतल्या तर बाकीच्या तासांना धक्का लागत नाही. बाकी मुलं तेवढा वेळ जोडीच्या शिक्षकांकडे.

नोंदीचा तक्ता साधा ठेवा. डावीकडे नावं, वर कामं, आणि चौकटीत तीनपैकी एक खूण: स्वतः केलं तर 'स्व', मदतीने केलं तर 'म', नाहीच जमलं तर 'ना'. गुण नकोत. गुण दिले की बेरीज होते, बेरीज झाली की क्रमांक लागतो, आणि आपण परत सरांच्या नियमापाशी येऊन उभे राहतो. काम सांगताना बटणाचं नाव घेऊ नका. 'व्हॉल्यूमचं बटण दाब' असं म्हटलंत तर उत्तर तुम्हीच देऊन टाकलं. 'आवाज कमी कर' एवढंच म्हणा. मूल अडलं तर मनात दहा अंक मोजा, मग फक्त तोंडी इशारा द्या. टॅबला हात लावू नका. तुमचं बोट लागलं की ती नोंद तुमची झाली, मुलाची नाही. हे लिहायला सोपं आहे, पण शिक्षकाचा हात पुढे जातोच, म्हणून तक्त्याचा पुठ्ठा दोन्ही हातांनी धरून बसा.

सुरू करणं, आवाज, बंद करणं, यात एक-दोन मिनिटांवर जाऊ नका. तिथे अडलेली मुलं, तुमची १७ गुणांची विद्यार्थिनी धरून, दोन दिवसांत शिकतात. क्यूआर कोडमध्येही फार अडचण येणार नाही. घरी फोन नसलेल्या मुलांनीसुद्धा पानठेल्यावर आणि किराणा दुकानात दिवसभर स्कॅन होताना बघितलेलं असतं, काय धरायचं आणि कशावर धरायचं ते त्यांना ठाऊक असतं. टॅब पुस्तकाच्या फार जवळ नेतात आणि चित्र धूसर येतं, एवढीच भानगड.

खरी गंमत फोटोत आहे. मुलाला सांगा, बाहेरच्या कडुनिंबाच्या पानाचा फोटो काढ. काढेल. मग म्हणा, आता टॅब बंद कर, परत सुरू कर, आणि मघाचा फोटो मला दाखव. इथे वर्गाचे दोन भाग होतात. काही मुलं सरळ गॅलरीत जातात. काही परत कॅमेरा उघडतात आणि पान समोर नाही म्हणून तुमच्याकडे बघत बसतात. काही तर उठून नवा फोटो काढायला बाहेर निघतात. आपण केलेलं काम टॅबमध्ये कुठेतरी राहतं, त्याला नाव असतं, जागा असते, आणि ते पुन्हा काढता येतं, ही कल्पना ज्याला नाही त्याला पुढे कुठलंच काम पूर्ण करता येणार नाही. तासाला लिहिलेल्या चार ओळी दुसऱ्या दिवशी सापडणार नाहीत आणि तो म्हणेल, मॅडम, मी केलं होतं, उडून गेलं.

तुमच्या पेपरात नापास झालेली मोबाइलवाली मुलं इथे कशी वागतात ते नीट बघा. रील्सवर त्यांचं बोट भराभर चालतं, पण रील समोर आपोआप येते, ती कुठे ठेवावी लागत नाही की शोधावी लागत नाही. कॅमेऱ्याचा फोटो ती सापडवतील. तोच फोटो लिखाणात घालायचा असेल, किंवा कालची फाइल उघडायची असेल, तर त्यांचीही गाडी अडू शकते. त्याच 'असर'मध्ये आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरलेली मुलं ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. तेव्हा 'याला सगळं येतं' असं ज्याच्याबद्दल घरचे सांगतात, त्यालाही तक्त्यातून सूट देऊ नका.

दुसरी जागा मराठी टायपिंगची. स्वतःचं नाव टाइप करायला सांगू नका, कारण कुणाचं नाव सोपं असतं, कुणाचं अवघड, आणि तुलना फसते. सगळ्यांना तेच तीन शब्द द्या: नागपूर, महाराष्ट्र, विद्यार्थी. 'नागपूर'मध्ये अक्षरं आणि काना-उकार, बस. तो जमला म्हणजे मुलाला मराठी कळफलक लावता येतो आणि अक्षरं सापडतात. 'महाराष्ट्र'मध्ये ष, ट आणि र जोडायला हलन्त दोनदा लागतो. ती पाय मोडायची खूण कळफलकावर असते, पण मूल तिला कधी भेटलेलंच नसतं. ते 'ष ट र' असं सुटं टाइप करतं आणि मग वहीत लिहिलेल्या शब्दाकडे बघत राहतं. 'विद्यार्थी'मध्ये तर रफार. मूल डोक्यावरचा रफार कळफलकावर शोधत बसतं, कारण हाताने लिहिताना तो शेवटी देतात. इथे र आधी टाइप करायचा, मग हलन्त, मग थ. एकदा हे दाखवलं की 'सूर्य', 'वर्ग', 'कार्य' सगळे सुटतात. पण तपासताना दाखवू नका. फक्त कोण कुठल्या शब्दावर थांबलं ते लिहा.

दोन-तीन मुलं माइकचं चिन्ह दाबून 'विद्यार्थी' असं बोलतील आणि शब्द उमटेल. त्यांना रागावू नका. ते कौशल्यच आहे, त्याची नोंद वेगळी करा आणि मग म्हणा, आता बोटांनी. वर्गात ३८ मुलं एकदम टॅबशी बोलायला लागली तर शेजारच्या वर्गातले गुरुजी तक्रार घेऊन येतील, एवढं कारण पुरे. रोमन अक्षरांत 'nagpur' लिहून मराठी काढणारी मुलंही सापडतील. तेही चालेल, पण ज्याला इंग्रजी स्पेलिंग येत नाही त्याला तो रस्ता बंद आहे, हे लक्षात असू द्या.

इंग्रजीवरून आठवलं. काही मुलं टॅबवर अडत नाहीत, पडद्यावरच्या इंग्रजीवर अडतात. अलाऊ, डिनाय, सेटिंग्ज, बॅक हे शब्द त्यांना वाचता येत नाहीत आणि आपण समजतो की डिजिटल कौशल्य नाही. ज्यांच्या रांगेत 'ना' खूप आले, त्यांच्यासाठी एका टॅबची भाषा सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी करा, अक्षरं मोठी करा, आणि तीच कामं परत द्या. निम्मे 'ना' पुसले गेले तर अडचण भाषेची किंवा डोळ्यांची होती. डोळ्यांची शंका आली तर ते पालकांच्या कानावर घाला.

मला विचाराल तर आणखी एक काम घालाच. टॅबवर मुद्दाम एखादं अनोळखी पान उघडून ठेवा आणि मुलाला म्हणा, आधीच्या जागी परत ये. घाबरून टॅब बंद करणारं मूल आणि शांतपणे मागे येणारं मूल, यांत पेपरातल्या दहा गुणांपेक्षा मोठा फरक असतो. त्याच ओघात, एखादं अ‍ॅप कॅमेरा किंवा संपर्क वापरू द्यायचे का असं विचारतं, तेव्हा बोट कुठे जातं ते बघा. खेळ सुरू व्हायला 'हो' दाबावंच लागतं, हे मुलांच्या बोटांत बसलेलं असतं, वाचायचा प्रश्नच येत नाही. कुणी थांबून 'मॅडम, हे काय विचारतंय?' म्हणालं तर ते मूल मागे पडलेलं समजू नका. ते 'स्व'च.

माहिती शोधण्याचं काम फक्त सातवीला द्या. प्रश्न आपल्याच नागपुरातला: झिरो माईलचा दगड कशासाठी आहे आणि तो भारताचा मध्यबिंदू आहे का? शोधलं की अनेक ठिकाणी तो देशाचा भौगोलिक मध्य म्हणून सापडतो. काही ठिकाणी तो १९०७ साली त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी उभारलेला दगड आहे आणि मध्यबिंदूचा दावा पक्का नाही असंही लिहिलेलं दिसतं. पहिली ओळ वहीत उतरवून मोकळं होणारं मूल कोण, आणि 'मॅडम, इथे वेगळंच लिहिलंय' म्हणणारं कोण, एवढंच टिपा. बरोबर उत्तर कुठलं यावर त्या दिवशी चर्चा नको, नाहीतर फेरी संपायची नाही.

तक्ता भरून झाला की तो आडवा वाचू नका, उभा वाचा. आडवा वाचला की एकेक मूल दिसतं आणि मनात पास-नापास सुरू होतं. उभा वाचला की काम दिसतं. एखाद्या कामाखाली २५-३० 'ना' असतील तर ते सगळ्या वर्गाला एकत्र शिकवा. रफार बहुतेक त्यात येईल. चार-पाचच 'ना' असतील तर त्यांच्यासाठी अख्खा तास घालवू नका, जोडीदार द्या.

जोड्यांचं गणित असं: १० टॅबवर दोघं-दोघं, ६ टॅबवर तिघं-तिघं, ३८ झाले. मात्र सगळ्यात पुढचं मूल सगळ्यात मागच्याशी जोडू नका. पुढचं मूल टॅब ओढून घेतं, मागचं मान डोलावतं आणि दोघंही खुश असतात. 'स्व'वाल्याशेजारी 'म'वाला आणि 'म'वाल्याशेजारी 'ना'वाला बसवा. नियम एकच: ज्याला कमी येतं त्याच्या हातात टॅब, ज्याला जास्त येतं त्याने फक्त तोंडाने सांगायचं. मुलगा-मुलगी अशी जोडी असेल तर दर दहा मिनिटांनी टॅब कुणाच्या मांडीवर आहे ते बघा. बहुतेक वेळा तो सरकलेला असतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. ज्यांना काहीच येत नाही, त्यांच्या हातात टॅब सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळ.

थोडं जपून राहायचं ते खात्यांबाबत. सहावी-सातवीची बरीच मुलं १३ वर्षांच्या आतली असतात. भारतात १३ च्या आतल्या मुलाला पालकांच्या देखरेखीशिवाय स्वतःचं गुगल खातं चालत नाही. जन्मसाल वाढवून खातं काढून द्यायची पद्धत काही शाळांत पडली आहे, त्या वाटेला जाऊ नका. शाळेचं एक खातं पुरतं, आणि दीक्षावरचे धडे बघायला लॉगिनची गरजही पडत नाही. सरावाला पानांचे, दगडांचे, फळ्याचे फोटो घ्या, मुलांच्या चेहऱ्यांचे नको. आणि तो 'स्व-म-ना'चा तक्ता पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा मोह झाला तर आवरा. एकाच्या रांगेतले 'ना' गावभर होतात.

तान्हा पोळा झाला की पुन्हा एकदा फेरी घ्या, पण फक्त 'म' आणि 'ना' असलेल्या चौकटींची. 'स्व' झालेलं पुन्हा तपासण्यात वेळ घालवू नका. आणि फेरी शनिवारी ठेवू नका. सकाळची शाळा असते, पहिली चार मुलं होईस्तोवर घंटा होते, आणि शुक्रवारी कुणी चार्जिंगला लावले नसतील तर चारातले दोन टॅब सुरूच व्हायचे नाहीत.